ब्रेक ऑइल आणि घाटाचा उतार

दिवाळीच्या सुट्टीत महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्या गाड्यांत सांगली-मिरजेच्या गाड्या पुष्कळ असतात. त्यांतल्या बऱ्याच गाड्या वर्षभर काय करतात? विश्रामबागहून बाजारात, मिरजेला दवाखान्यात, एखाद्या लग्नाला तासगावला. वर्षाकाठी पाच-सहा हजार किलोमीटर. मालक अभिमानाने सांगतो, "गाडी पळालीय कुठं? अजून नवीच आहे." इंजिन ऑइल वेळेवर बदललेले असते, सीट कव्हर बदललेले असते, पण ब्रेक ऑइल मात्र शोरूममधून आले तेच असते. वाईहून रोज प्रवासी घेऊन वर-खाली करणाऱ्या जीपपेक्षा पसरणी घाटात मला या कमी पळालेल्या गाडीची जास्त काळजी वाटते.

ब्रेक ऑइल किलोमीटरने नव्हे, महिन्यांनी जुने होते. नावात ऑइल असले तरी हे खनिज तेल नव्हे. साधारणतः ते ग्लायकॉल ईथर जातीचे रसायन असते आणि हवेतला ओलावा शोषून घेणे हा त्याचा स्वभाव आहे. पावसाळ्यात डब्यातले मीठ ओले होते, तसेच हेही, फक्त बंद टाकीत आणि डोळ्यांना न दिसता. टाकीच्या झाकणाला हवा आत-बाहेर होण्याची वाट ठेवलेली असते आणि चाकांकडे जाणाऱ्या रबरी पाइपांतूनही ओलावा हळूहळू झिरपतो. गाडी उभी असली तरी हे चालूच राहते. म्हणून बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत किलोमीटरच्या आकड्यासोबत वर्षेही दिलेली असतात, साधारण दोन, आणि दोन्हींपैकी जे आधी येईल ते पाळायचे असते.

पाणी शिरले तर बिघडते काय, हे बाटलीवरच्या डॉट आकड्यांत दडलेले आहे. डॉट ३ हे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की हीच किमान मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते. पाव लिटरमध्ये दोन चमचेसुद्धा नाही एवढे पाणी, आणि पासष्ट-पंचाहत्तर अंशांची घसरण! आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ८६५४ हे मानकही याच द्रवासाठी आहे.

सपाट रस्त्यावर हे कधी कळणार नाही. सांगली शहर कृष्णाकाठच्या सखल मैदानात वसलेले; तिथे ब्रेक तापायला कारणच नाही. सातारा जिल्ह्याचे तसे नाही. पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी, चिपळूणकडचा कुंभार्ली, कासला जाताना यवतेश्वरचा, आणि पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या बोगद्यानंतरचा तो बदनाम 'एस' आकाराचा उतार. पण आपल्या लोकांचा नेहमीचा घाट पसरणीचा. (शाहीर साबळे याच पसरणीचे. वरून खाली दिसणाऱ्या धोमच्या पाण्यावर नजर ठेवून गाडी चालवण्याचा मोह चालकाने मात्र टाळावा.)

पाचगणी ते वाई हा उतार उंचीने पावणेसहाशे मीटरच्या आसपास आहे. माणसे आणि सामान धरून चौदाशे किलोची गाडी तेवढी खाली आली, की सुमारे ऐंशी लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. एवढ्या उष्णतेत खोलीच्या तापमानाचे चोवीस लिटर पाणी उकळीला येईल. त्यातला काही भाग हवेचा रोध घेतो, मोठा भाग इंजिन घेऊ शकते. चालकाने इंजिनाला घेऊ दिला नाही, तर उरलेला सगळा पुढच्या दोन डिस्कवर आणि मागच्या ड्रमवर येतो.

गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवण्याची खोड इथे नडते. हिशेब म्हणूनही ती चुकीची आहे. इंजेक्शनच्या आजच्या गाड्यांत गिअर टाकून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंधनाचा पुरवठा जवळपास थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते इंधन जळतच राहते. इंजिन बंद करून उतरणे तर आणखी वाईट, कारण पॅडलला मदत करणारा व्हॅक्यूम बूस्टर दोन-तीन दाबांतच निकामी होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने अनेक वाहने ठोकरली, तेव्हापासून त्या उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची चर्चा वारंवार होते. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, त्यात हे ऑइल नसते. तापण्याचा नियम मात्र सगळ्यांना सारखाच. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा सल्ला अजून शिळा झालेला नाही.

तापलेल्या कॅलिपरमधल्या ऑइलातले पाणी उकळले की त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र सहज दाबली जाते. पॅडल फरशीला टेकते आणि गाडी पळतच राहते. अशा वेळी पॅडल भराभर पंप करावे, खालचा गिअर टाकावा आणि हँडब्रेक एकदम न ओढता थोडा थोडा ओढावा. पॅडल कडक लागत असूनही गाडी थांबत नसेल, तर तो वेगळा प्रकार. तिथे पॅडच तापून गुळगुळीत झालेले असतात.

या दोषाची गैरसोय अशी की तो पुरावा ठेवत नाही. अर्धा-पाऊण तास गाडी उभी केली की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ब्रेक पूर्वीसारखा लागतो. वाईत मेकॅनिक पॅडल दाबून बघतो, "काय नाय साहेब, ब्रेक एकदम ओके हाय," म्हणतो, आणि मालक निर्धास्त होतो. ऑइल त्याच टाकीत तसेच राहते.

सांगलीला याखेरीज दुसरे दुखणे आहे, पुराचे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णा शहरात शिरली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. बोनेटपर्यंत बुडालेल्या गाड्यांचे इंजिन लोकांनी खोलले, गाद्या उन्हात वाळवल्या. ब्रेक ऑइलची आठवण फार थोड्यांना झाली असेल. टाकीच्या वर पाणी गेलेली गाडी हलवण्याआधीच ते ऑइल काढून टाकले पाहिजे. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही ती पुरात होती की नव्हती याच्या वादात न पडता पहिल्याच आठवड्यात ऑइल बदलावे. ऑइलला खर्च तो किती?

अर्धा लिटरची बाटली दोनशे ते चारशे रुपयांना मिळते आणि साधारण कारला एक लिटर पुरते. झाकणावर जो डॉट छापला असेल तोच घ्यावा. डॉट ५ हे सिलिकॉनचे, ते ग्लायकॉलच्या ऑइलात मिसळत नाही. नाव जवळचे असले तरी डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलचेच. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे तेल चुकूनही टाकीत पडले तर रबरी सील फुगतात आणि सगळी यंत्रणा खोलावी लागते. फोडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नये, तीही ओलावा पीत बसलेली असते.

बदलण्याचे काम दोघांचे. एकजण चाकापाशी रिंग पाना आणि पारदर्शक नळी घेऊन बसतो, दुसरा आत पॅडलवर. "दाब. धर. सोडू नगंस!" निपल अर्धा फेरा सैल होतो, नळीतून चहासारखे तांबूस पाणी बाटलीत उतरते, मधूनच हवेचा बुडबुडा येतो, निपल आवळल्यावरच "सोड" अशी हाक येते. नळीतून पिवळसर, स्वच्छ ऑइल येईपर्यंत प्रत्येक चाकाशी हेच चालते. चाकांचा क्रम पुस्तिकेत दिलेला असतो. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये, नाहीतर एअर धरते. एप्रिल २०१९ पासून नव्या कारना सक्तीच्या झालेल्या एबीएसमध्ये ही हवा शिरली, तर काढायला काही गाड्यांत स्कॅनर लावावा लागतो. सांडलेले ऑइल रंग उडवते, लगेच पाण्याने धुवावे. काढलेले ऑइल गटारात ओतू नये. आपली गटारे शेवटी कृष्णेलाच मिळतात.

अनेक गॅरेजांत 'बदलले' म्हणजे टाकीतले वरवरचे ओढून नवे भरले, असा अर्थ होतो. पाणी साचते आणि उकळते ते चाकापाशी, त्यामुळे अशा बदलण्याला काही किंमत नाही. टाकीतली पातळी खाली गेली म्हणून नुसती भर घालणेही चूक. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, तेव्हा आधी पॅड बघायचे. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही सुटलो असे समजू नये. तिचे ब्रेक कमी झिजतात, ऑइल मात्र कॅलेंडरप्रमाणेच म्हातारे होते.

तेव्हा यंदा घाटात जाण्याआधी गॅरेजमध्ये एवढेच विचारा: ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले? बिलावर तारीख सापडली नाही, तर बदलले नाही असे धरा, चारही निपल समोर उभे राहून उघडून घ्या आणि टाकीच्या झाकणावर महिना व वर्ष मार्करने लिहून ठेवा.