या उलट्या अंगावर काढू नयेत

गरोदरपणातली मळमळ साधारण ६व्या आठवड्यात सुरू होते, ९व्याच्या आसपास जोर धरते. बहुतेकींची २०व्यापर्यंत थांबते. ती फक्त सकाळीच होते असं नाही.

डॉक्टरांकडे लगेच जावं, जर
• २४ तास घोटभर पाणीही पोटात टिकत नसेल
• ८ तास लघवीच झाली नसेल किंवा ती फार गडद असेल
• उभं राहताच चक्कर येत असेल. उलटीत रक्त, पोटदुखी वा ताप असेल

गरोदरपणाआधीच्या वजनात ५ टक्क्यांहून अधिक घट, म्हणजे ५० किलोच्या बाईचं अडीच किलोंहून जास्त वजन उतरणं, ही ‘हायपरएमेसिस ग्रॅव्हिडॅरम’ची, म्हणजे गरोदरपणातल्या अतितीव्र उलट्यांच्या आजाराची, महत्त्वाची खूण. याच आजारामुळे ब्रिटिश राजघराण्यातल्या केट मिडलटन डिसेंबर २०१२मध्ये लंडनच्या रुग्णालयात दाखल झाल्या होत्या.

उपचार: डॉक्सिलामाइन आणि बी-६ जीवनसत्त्वाची गोळी, शरीरातलं पाणी कमी झालं असेल तर सलाइन. गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेलीच घ्यावी.