बटाट्यासोबत येणारी माती

बटाट्याचं पोतं रिकामं केलं की तळाशी मूठभर माती उरते. आपण ती झाडून अंगणात टाकतो. नेदरलँड्समधल्या बटाट्याच्या कारखान्यांत मात्र अशा मातीचे ढीग साठतात. त्यात कितीतरी शेतांची माती एकत्र झालेली असते. ती पुन्हा शेतात घालावी की नाही, हा तिथे गंभीर प्रश्न आहे. मी आज त्याविषयीच आपल्याशी बोलणार आहे.

या मातीत सूत्रकृमी असू शकतो. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. त्याची मादी बटाट्याच्या मुळाला चिकटून रस शोषते. ती मेली की तिचं शरीर टणक होतं आणि मोहरीहूनही लहान अशी गोल पुटी तयार होते. एका पुटीत शेकडो अंडी असतात. बटाटा लावला नाही, तर ती वीस वर्षंसुद्धा झोपून राहतात. बटाट्याच्या मुळांचा स्राव लागला की जागी होतात. मग झाडं खुरटतात, उत्पन्न घटतं.

शोधायचं कसं? माती वाळवून पाण्यात ढवळतात. वाळलेल्या पुट्या तरंगतात, त्या चाळणीवर धरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पण तरंगणारी पुटी रिकामीही असू शकते. म्हणून ती फोडून अंडी जिवंत आहेत का, ते पाहावं लागतं. किंवा त्या मातीत बंदिस्त कुंडीत बटाटा लावून मुळांवर नव्या पुट्या येतात का, हे तपासतात. नमुनाही ढिगाच्या एकाच कोपऱ्यातून घेऊन चालत नाही.

नष्ट करण्याचा एक उपाय अगदी साधा आहे: माती पाण्याखाली बुडवून ठेवायची. पाण्याखाली जिवाणू प्राणवायू संपवतात, सेंद्रिय आम्लं तयार होतात आणि अंडी मरतात. उन्हाळ्यात हे लवकर घडतं, थंडीत वेळ लागतो. दुसरा उपाय वाफेचा. मात्र उष्णता ढिगाच्या गाभ्यापर्यंत पोहोचायला हवी. खात्री करायची तर जिवंत पुट्यांच्या जाळीदार पुरचुंड्या मातीत पुरून, नंतर काढून तपासता येतात.

आपल्याशी याचा संबंध काय? भारतात हा सूत्रकृमी १९६१ साली निलगिरीत सापडला. पुढे तो हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर आणि उत्तराखंडातही आढळला आणि २०१८ साली केंद्र सरकारने तिथलं बेणं बाहेर नेण्यावर बंदी घातली. मंचर, खेडचे आपले शेतकरी बेणं उत्तरेतूनच आणतात. बेण्याला चिकटलेली चिमूटभर मातीही पुरेशी असते, आणि एकदा शेतात शिरलेला हा पाहुणा सहसा जात नाही.

तेव्हा बेणं प्रमाणित आणि मातीविरहित घ्या. पोत्यांतली, शीतगृहातली, कारखान्यातली माती खत समजून शेतात पसरू नका. आधी ती तपासून घ्या.