गाडीची वाफ जिरू द्या!

२०२३ च्या मे महिन्यात मामेभावाच्या लग्नासाठी आम्ही पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. गाडी आमची जुनी, १९९५ सालची. खंबाटकीचा घाट निम्मा चढलो आणि बॉनेटमधून भसाभस वाफ येऊ लागली. ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच सासूबाई ओरडल्या, "अरे थांब! कुकरची वाफ जिरल्याशिवाय झाकण काढतं का कुणी?"

सासूबाईंनी स्टिअरिंगला कधी हात लावलेला नाही, पण बोलल्या ते अगदी बरोबर. मैत्रिणींनो, ते झाकण कुकरसारखंच आतलं पाणी दाबाखाली ठेवतं. त्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण काढलं की मात्र क्षणात उसळतं आणि हात-तोंड भाजून निघतं. म्हणून इंजिन बंद करून निदान अर्धा-पाऊण तास थांबावं. वरची रबरी नळी चांगली निवली की मगच झाकण, तेही जाड फडक्यानं, हळूहळू. आणि तापल्या इंजिनात गार पाणी कधीही ओतू नये. गरम काचेच्या बरणीचं काय होतं ते आपण जाणतोच. इथे तडा इंजिनाला जातो!

खरं सांगू? काटा लाल खुणेकडे सरकताना मला दिसत होता. पण "तुला गाडीतलं काय कळतं?" असं ऐकायला नको, म्हणून गप्प बसले. आता बसत नाही. काटा चढू लागला की एसी असल्यास बंद करायचा आणि हीटर पूर्ण सोडायचा. मे महिन्यात हीटर म्हणजे वेडेपणाच वाटतो, पण इंजिनाची उष्णता त्यातून बाहेर पडते. तरी काटा उतरला नाही, तर गाडी थांबवायची.

दोष गाडीचा नव्हता, आमचाच. खालची रबरी नळी क्लिपपाशी चिरली होती. आठवडाभर गाडीखाली ओला डाग दिसत होता, लग्नाच्या गडबडीत कुणी वाकून पाहिलं नाही. अक्षता हुकल्या त्या हुकल्याच!

तेव्हापासून दर रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, मीच बघते. पाणी पुरेसं आहे ना? नळ्या फुगलेल्या, भेगाळलेल्या किंवा पिचपिचीत नाहीत ना? पंख्याचा पट्टा अंगठ्यानं मधोमध दाबला की साधारण सेंटिमीटरभर दबावा, फार सैल नको. रेडिएटरच्या जाळीतले किडे आणि चिखल हलक्या धारेनं धुवायचे. तेलाच्या झाकणाखाली ताकासारखा फेस दिसला तर मात्र गाडी चालवूच नका, मेकॅनिकला बोलवा. पाणी तेलात मिसळत असण्याची शक्यता असते.

नेहमीसाठी नळाचं पाणी नको. गीझरमध्ये बसतो तसा क्षारांचा थर आत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं घालावं (तयार मिश्रण मिळतं, त्यात पाणी घालायचं नाही) आणि साधारण दोन वर्षांनी बदलावं. पण उरलेलं कूलंट सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नका हं! ते बहुधा रंगीत असतं, चवीला गोडसर आणि अतिशय विषारी. आमच्याकडे ते कुलपात असतं, आणि किल्ली सासूबाईंकडे.