विश्लेषण : गासमधील जुनी कौलारू घरे पर्यटकांसाठी खुली करता येतील का?

नालासोपारा पश्चिमेला इमारतींची गर्दी मागे पडली की गासची हिरवी वाडी सुरू होते. वसईच्या या पट्ट्यात अजूनही जुनी कौलारू घरे आहेत. मात्र दुरुस्तीचा खर्च परवडत नाही म्हणून घर पाडायचे किंवा कुलूप लावायचे, असे दोनच पर्याय अनेक कुटुंबांना दिसतात. 'निवास-न्याहारी' हा तिसरा पर्याय ठरू शकतो का?

निवास-न्याहारी म्हणजे नेमके काय?

मालकाने स्वतःच्या राहत्या घरातील काही खोल्या पर्यटकांना देणे आणि सकाळचा नाश्ता पुरवणे. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या योजनेत १ ते ६ खोल्या, कमाल १२ खाटा अशी मर्यादा आहे. मालकाचे कुटुंब त्याच घरात राहणे बंधनकारक आहे. म्हणजे बंद घर एजंटच्या हवाली करून ही योजना चालत नाही. महाराष्ट्रात नोंदणीसाठी पर्यटन संचालनालयाकडे अर्ज करता येतो.

असे कुठे झाले आहे?

गिरगावच्या खोताच्या वाडीत फॅशन डिझायनर जेम्स फरेरा यांनी आपल्या जुन्या ईस्ट इंडियन घरातील खोल्या पाहुण्यांसाठी खुल्या केल्या. माथेरानमधील व्हिक्टोरियन काळातील 'बार हाऊस' हे 'व्हरांडा इन द फॉरेस्ट' नावाचे हॉटेल झाले. पणजीतील फोंतेन्हास भागात एकोणिसाव्या शतकातील घरात 'पणजी इन' सुरू आहे. तिन्ही ठिकाणी जुनेपण हेच आकर्षण ठरले.

गासकडे पर्यटक का येईल?

वसईचा किल्ला, १८८२ साली उजेडात आलेला सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप, कळंब आणि राजोडीचे किनारे जवळ आहेत. शिवाय मुंबईहून लोकलने येता येते. तांदळाची भाकरी आणि फुगे हॉटेलच्या मेन्यूत सहसा मिळत नाहीत.

परवाने आणि कर कोणते?

परदेशी पाहुणा आल्यास २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. नाश्ता देणार असल्याने अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी लागते. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. अशा मालकाने बुकिंग अॅपवरून घेतल्यास त्यावरील कर अॅप कंपनी भरते. वीजबिल आणि मालमत्ता कर घरगुती दराने की व्यावसायिक, हे आधी लेखी विचारून घेतलेले बरे.

हिशोब जुळतो का?

समजा, दोन खोल्या आहेत, दर प्रत्येकी २,००० रुपये आणि महिन्यात ८ रात्री दोन्ही भरल्या. जमा झाले ३२,००० रुपये. यातून अॅपचे कमिशन, चादरींची धुलाई, नाश्ता, वीज आणि मदतनीसाचा पगार जातो. पावसाळ्यात बुकिंग घटू शकते. त्यामुळे यातून नोकरीइतके उत्पन्न मिळेलच असे नाही. पण दरवर्षीच्या शाकारणीचा आणि वाळवीच्या औषधाचा खर्च निघू शकतो.

महिलांसाठी राज्याचे 'आई' धोरण (२०२३) उपयोगी आहे. महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर अटींसह व्याज परतावा मिळतो.

घर खराब होण्याचा धोका किती?

सर्वात मोठा प्रश्न बाथरूमचा. जुन्या घरात खोलीला जोडून बाथरूम नसते. लाकडी तक्तपोशीवर ते बांधले आणि गळती लागली तर खालचे वासे कुजतात. म्हणून बाथरूम मागच्या पडवीत, जमिनीवर बांधणे सुरक्षित. दुसरी चूक सिमेंटची. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचे प्लास्टर केले की ओल आत अडकते आणि पापुद्रे सुटतात. तिथे चुन्याचाच गिलावा हवा.

सुरुवात कुठून करावी?

कागदपत्रांपासून. जुने घर बहुतेकदा आजोबांच्या नावावर असते आणि वारस वसई, मुंबई ते परदेशापर्यंत पसरलेले असतात. सर्वांची लेखी संमती नसेल तर पहिल्या कमाईबरोबरच वाद सुरू होतो. त्यानंतर अभियंत्याकडून छप्पर आणि तुळया तपासून घ्याव्यात आणि एकाच खोलीपासून सुरुवात करावी. वर्षभर पाहुणे आले तर दुसरी खोली काढता येईल. नाही आले, तरी छप्पर दुरुस्त झालेले असेल.