समाजमाध्यमे आणि किशोरांचे मनःस्वास्थ्य
समाजमाध्यमांमुळे किशोरवयीन मुलांच्या मनःस्वास्थ्यास हानी पोहोचते काय, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. सातारा जिल्ह्यालगतच्या कडेगाव तालुक्यातील (जि. सांगली) मोहित्यांचे वडगाव या गावाने मात्र निष्कर्षाची वाट पाहिली नाही. कोविडकाळात ऑनलाइन शिक्षणासाठी मुलांच्या हाती आलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना. तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठरविले, की सायंकाळी सातला मंदिरावरील भोंगा वाजताच दीड तास मोबाइल व दूरचित्रवाणी संच बंद ठेवावयाचे. हे बंधन वडीलधाऱ्यांनाही लागू केले, हे विशेष.

एमी ऑर्बेन व अँड्र्यू प्शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये ब्रिटन-अमेरिकेतील साडेतीन लाखांहून अधिक किशोरांच्या माहितीचे विश्लेषण केले. अंकीय साधनांचा वापर वाढतो तसे स्वास्थ्य घटते, असे त्यात आढळले. तथापि स्वास्थ्यातील तफावतीपैकी जेमतेम ०.४ टक्के तफावतीचाच उलगडा या वापराने होतो. शिवाय असा सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. खिन्न मूलच मोबाइलकडे अधिक वळते, असेही संभवते. अर्थात सरासरीत छळ सोसणारे वा सतत इतरांशी तुलना करून खचणारे एखादे मूल दिसत नाही. रात्रीच्या वापराने होणारी झोपमोड हे हानीचे त्यातल्या त्यात स्पष्ट कारण होय. वडगावचा दीड तास अभ्यासाच्या उपयोगी पडतो. झोप हरपते, ती त्यानंतरच्या तासांत.