स्फटिकात सापडलेली विषाणूची कात्री

ट्रॉम्बे म्हटले की मुंबईकराला अणुभट्टी आठवते. १९५६ मध्ये तिथे ‘अप्सरा’ सुरू झाली, तेव्हापासूनची ही ओळख. पण त्याच आवारात, भाभा अणुसंशोधन केंद्रात, प्रथिनांचे स्फटिक वाढवून त्यांची रचना शोधण्याचे कामही चालते, हे शेजारच्या चेंबूर-मानखुर्दमध्येही फारसे कुणाला ठाऊक नसते. यातले एक प्रथिन एचआयव्हीचे आहे आणि त्याचा संबंध थेट रुग्णाच्या हातातल्या गोळीशी येतो.

एचआयव्ही पेशीत शिरला की तो आपली प्रथिने सुटी सुटी तयार करत नाही. पेशीकडून तो एक लांबलचक साखळी करून घेतो आणि मग ती ठरलेल्या जागी कापतो. कापणारे विकर म्हणजे प्रोटिएज. ही कात्री बंद पाडली तरी विषाणूचे कण बाहेर पडतात, पण ते कच्चे राहतात आणि दुसऱ्या पेशीला लागण करू शकत नाहीत. सॅक्विनावीर, रिटोनावीर, लोपिनावीर, ॲटॅझानावीर ही औषधे नेमकी या कात्रीच्या पात्यांत अडकून बसतात.

कात्रीचे दोन भाग अगदी सारखे असतात, प्रत्येकात ९९ अमिनो आम्ले. दोन्ही भाग जुळले तरच मधली फट तयार होते. फटीच्या तळाशी दोन्ही बाजूंचे एकेक ॲस्पार्टिक आम्ल असते, ते प्रत्यक्ष कापते. वरून दोन झडपा मिटतात आणि आत आलेला तुकडा धरून ठेवतात.

ट्रॉम्बेत एम. व्ही. होसूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दोन भाग एका छोट्या दुव्याने जोडून एकसंध प्रथिन केले आणि त्याचे स्फटिक वाढवले. रिकाम्या कात्रीच्या झडपा अर्धवट उघड्या असतात, असे आधीच्या स्फटिकांत दिसले होते. इथे मात्र औषध नाही, खाद्य नाही, तरी झडपा मिटलेल्या निघाल्या. हा निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढचे काम अधिक धाडसाचे होते. कात्रीला दहा अमिनो आम्लांचा एक तुकडा दिला गेला. तो स्फटिकातच कापला गेला आणि त्याचे दोन्ही भाग, एक चार आम्लांचा आणि एक सहांचा, जागच्या जागी धरलेले राहिले. क्ष-किरणांचे मोजमाप सिंक्रोट्रॉनवर, फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर झाले. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात ही रचना आली. तुटलेल्या बंधाची दोन टोके एकमेकांपासून फक्त २.६७ अँगस्ट्रॉम दूर होती (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग). म्हणजे बंध तुटला आहे, पण टोके अजून नीटशी दूर गेलेली नाहीत. सुरी भाजीतून नुकतीच आरपार गेली आणि फोडी अजून चिकटून आहेत, तसे हे चित्र.

कात्री नेमकी कशी चालते हे कळल्याशिवाय तिच्या तोंडात काय अडकवायचे, हे ठरवताना बरेचसे चाचपडावे लागते. शिवाय ही कात्री आपला आकार बदलते. एचआयव्ही स्वतःची नक्कल करताना चुका करतो. एखादी चूक कात्रीचे अमिनो आम्ल बदलते, औषधाची पकड सैल होते, पण कापण्याचे काम चालूच राहते. झडपेतल्या ४८व्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन आले की सॅक्विनावीर नीट बसत नाही. अशा बदललेल्या कात्रीची सॅक्विनावीरसह रचनाही याच गटाने २०१० मध्ये मांडली.

रुग्णालयात हाच प्रकार वेगळ्या रूपात समोर येतो. गावी गेलो, गोळ्या संपल्या, महिनाभर खंड पडला, असे रुग्ण सांगतो. रक्तात औषध अर्धवट असते तेव्हा विषाणू वाढतही असतो आणि त्यातला औषधाला दाद न देणारा प्रकार निवडलाही जातो. औषध अजिबात नसण्यापेक्षा अर्धेमुर्धे असणे या बाबतीत जास्त वाईट. सरकारी कार्यक्रमात मोफत एआरटी २००४ मध्ये सुरू झाली. पहिली औषधे निकामी ठरलेल्यांसाठी प्रोटिएज-रोधकांचा समावेश असलेली दुसरी फळी २००८ मध्ये आली, तीही आधी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि चेन्नईजवळच्या तांबरममध्ये.

मुंबईत आणखी एक गुंता आहे, क्षयरोगाचा. प्रोटिएज-रोधकांचे विघटन यकृतातले एक विकर करते. क्षयावरचे रिफॅम्पिसिन त्या विकराचे प्रमाण वाढवते, मग गोळी वेळेवर घेऊनही रक्तातली तिची पातळी कोसळते. रिटोनावीरचा छोटा डोस तेच विकर रोखतो, म्हणून तो सोबत दिला जातो, पण रिफॅम्पिसिनपुढे तेवढा डोस पुरत नाही. अशा रुग्णाला बहुधा रिफॅम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन देतात. क्षयाचे औषध एका दवाखान्यातून आणि एआरटी दुसरीकडून घेणाऱ्याने दोन्ही ठिकाणची कागदपत्रे दोन्ही डॉक्टरांना दाखवायला हवीत. लाजेपोटी एक कागद घरी राहतो, असे अनेकदा घडते.