दुअमली यंत्रातील केराची टोपली

घरातील एका लग्नाच्या चित्रफिती, सुमारे ४० गिगाबाइट भरतील एवढ्या, सर्व नातेवाइकांना पोचत्या झाल्यावर आमच्या संगणकावरून काढून टाकाव्यात असे ठरले, आणि त्याप्रमाणे एका रात्री लिनक्स चालू असताना ‘डी’ पार्टिशनवरून त्या मी टाकूनही दिल्या. दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रावर विंडोज सुरू करून पाहतो, तो चित्रफिती मूळ जागी नव्हत्या, रीसायकल बिन उघडले तर तेही रिकामे होते, आणि तरीसुद्धा ‘डी’वरील मोकळी जागा तसूभरही वाढलेली नव्हती. वस्तू घरात नाही, केराच्या टोपलीत नाही, पण तिने अडवलेली जागा मात्र अडलेलीच आहे, असा हा चमत्कार भुताटकीचा नसून केवळ दप्तराचा होता, हे ध्यानी येण्यास मला एक संपूर्ण रविवार खर्च करावा लागला.

जंजिऱ्याचा सिद्दी आणि मराठे यांच्यामध्ये सापडलेल्या कोकणातील काही महालांवर एके काळी दोन्ही सत्तांचा अंमल एकदमच चाले व त्या व्यवस्थेस दुअमली म्हणत. विंडोज आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली ज्या संगणकावर नांदतात, तेथील कारभार बराचसा याच जातीचा असतो. फरक इतकाच की हे दोन अंमलदार एका वेळी कधीच कचेरीत नसतात. यंत्र सुरू करताना आपण ज्याला बोलावू तो येतो, दुसरा निद्रिस्त राहतो, आणि जागा झाल्यावर आपल्या गैरहजेरीत मुलखात काय घडले ते केवळ आपल्याच दप्तरावरून ताडून पाहतो.

मुळात टाकून दिलेली फाइल जाते कोठे, हे पाहिले पाहिजे. पडद्यावर टोपलीचे चित्र काढण्याची कल्पना ॲपलच्या १९८३ सालच्या लिसा या संगणकावर दिसली, आणि विंडोजमध्ये रीसायकल बिन आले ते १९९५ साली. परंतु या चित्रामुळे आपली अशी समजूत होते की टोपली ही एक जागा असून फाइल उचलून तेथे नेली जाते. वस्तुतः फाइलीतील मजकूर डिस्कवर जेथे असतो तेथून तो तिळमात्र हलत नाही. बदलते ती फक्त तिच्या नावाची आणि पत्त्याची नोंद. म्हणूनच ४० गिगाबाइटचा ऐवज निमिषार्धात ‘टोपलीत’ जातो, म्हणूनच प्रत्येक पार्टिशनवर त्याची स्वतंत्र टोपली असावी लागते, आणि म्हणूनच ती रिकामी केल्याखेरीज जागा सुटत नाही. टोपली ही जागा नव्हे, ती एक नोंदवही आहे. आणि दोन प्रणालींच्या नोंदवह्या दोन निरनिराळ्या रिवाजांनी लिहिलेल्या असतात.

विंडोजचा रिवाज असा. प्रत्येक पार्टिशनच्या मुळाशी ‘डॉलर-रीसायकल-बिन’ नावाचे एक छुपे फोल्डर असते, व त्यात प्रत्येक वापरकर्त्याच्या नावे, ‘एस-१-५-२१’ अशा आकड्यांनी सुरू होणारे, एक उपफोल्डर. टाकलेल्या प्रत्येक फाइलीमागे तेथे दोन फाइली निर्माण होतात: ‘डॉलर-आर’ने सुरू होणारी, जी खरी फाइल असते पण जिचे मूळ नाव जाऊन सहा यदृच्छ अक्षरे व तेवढे शेवटचे प्रकारदर्शक उपनाम उरते, आणि ‘डॉलर-आय’ने सुरू होणारी, जी इवलीशी असून तिच्यात मूळ पत्ता, आकारमान आणि टाकल्याची वेळ नमूद असते. ही वेळ १ जानेवारी १६०१ पासून, म्हणजे शिवजन्माच्याही २९ वर्षे आधीपासून, एका सेकंदाच्या कोटी भागांनी मोजलेली असते. या जोडीतील ‘आय’ हरवली, तर ‘आर’ डिस्कवर जागा अडवून बसते, पण टोपलीत दिसत नाही.

लिनक्सच्या बहुतेक मेजसंचांनी (डेस्कटॉपांनी) एकमताने पत्करलेला रिवाज निराळा. वापरकर्त्याच्या स्वतःच्या घरातील टोपली एका ठरावीक छुप्या फोल्डरात असते. पण ‘डी’सारख्या वेगळ्या पार्टिशनवरील फाइल टाकली की तेथेच ‘डॉट-ट्रॅश-१०००’ नावाचे फोल्डर तयार होते, कारण पुष्कळ लिनक्स प्रकारांत पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक १००० असतो. त्याच्या पोटात दोन कप्पे: ‘फाइल्स’मध्ये टाकलेली वस्तू बहुधा मूळ नावानिशी, आणि ‘इन्फो’मध्ये तिचा पत्ता व तारीख साध्या वाचता येणाऱ्या मजकुरात. साध्या म्हणावे तर आपल्या लिपीची गंमत अशी की येथे पत्त्यातील देवनागरीचे प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणांत फोडून लिहिले जाते, आणि ‘पत्र’ या दोन अक्षरी शब्दाला ३६ खुणा लागतात. अशी ओळ पाहून फाइल बिघडली असा समज करून घेऊ नये.

आता कोडे आपोआप सुटते. विंडोजच्या दृष्टीने ‘डॉट-ट्रॅश-१०००’ ही टोपली नसून कोणातरी परक्याने ठेवलेले एक सामान्य फोल्डर असते, व लिनक्सच्या दृष्टीने ‘डॉलर-रीसायकल-बिन’ही तसेच. यातून एक हास्यास्पद प्रसंगही उद्भवतो: विंडोजमधून ते परके फोल्डर कोणी साधेपणाने काढून टाकले, तर ते विंडोजच्या टोपलीत जाते, म्हणजे केराची एक टोपली दुसरीत जाऊन बसते आणि जागा तरीही सुटत नाही. एकाच यंत्रावर दोन विंडोज असल्या तरी हाच प्रकार घडतो. माणूस एकच असला तरी प्रत्येक विंडोज त्याला निराळा क्रमांक देते, दोन उपफोल्डरे शेजारी शेजारी नांदतात, आणि परकीचे उघडू गेल्यास परवानगी नाकारली जाते.

याहून त्रासदायक तक्रार म्हणजे ‘डी’वरील रीसायकल बिन बिघडले असून ते रिकामे करू काय, असे विंडोजने एकाएकी विचारणे. लिनक्समधून कोणी त्या डॉलरांकित फोल्डरातील फाइली हलवल्या असल्या, किंवा यंत्र अर्धवट बंद होऊन नोंदींचा मेळ बिघडला असला, तर अशी वेळ येऊ शकते. येथे ‘होय’ म्हणण्याची घाई करू नये. आधी लिनक्समध्ये जाऊन त्या फोल्डरातील ‘डॉलर-आर’च्या हव्या असलेल्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, नाव गेले असले तरी मजकूर शाबूत असतो व उपनामावरून प्रकार कळतो. मग विंडोजमध्ये परतून ‘चेक-डिस्क’कडून पार्टिशनची तपासणी व दुरुस्ती करवावी, आणि तरीही तक्रार राहिलीच, तर प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञापटलावरून ते संपूर्ण फोल्डर काढून टाकावे. विंडोज ते पुढे आपण होऊन नव्याने निर्माण करते, म्हणून टोपलीची चिंता नको. मात्र त्या पार्टिशनवरील सर्व वापरकर्त्यांचे टाकलेले सामान त्याबरोबर कायमचे जाते, हे विसरू नये.

उलट दिशेने, लिनक्समधून ‘डी’वरील काहीच टाकता येत नाही अशी तक्रार आली, तर दोष बहुधा विंडोजच्या झोपण्याच्या पद्धतीत असतो. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. तिच्यामुळे ‘बंद करा’ म्हटल्यावर विंडोज पुरती बंद न होता अर्धवट निजते आणि पार्टिशनच्या नोंदवह्या जणू उघड्याच टाकून जाते. अशा वह्यांत दुसऱ्याने लेखणी चालवणे धोक्याचे, म्हणून लिनक्स ते पार्टिशन केवळ वाचण्यापुरते उघडते. उपाय असा की विंडोजच्या वीजविषयक मांडणीत जाऊन ही सोय कायमची बंद करावी. निद्रेची नोंद लिनक्समधून पुसून जबरदस्तीने लिहिण्याचाही एक मार्ग आहे. पण त्यात विंडोजने जपून ठेवलेली स्थिती नष्ट होते. टाकण्याऐवजी ‘कायमचे काढू काय’ असा प्रश्न येत असेल, तर मात्र पार्टिशन आपल्या वापरकर्त्याच्या मालकीने जोडलेले नाही असा संशय घ्यावा, आणि उत्तर देण्याआधी ती जोडणी दुरुस्त करावी.

घड्याळाचा घोळ तेवढा किरकोळ. विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स बहुधा जागतिक प्रमाणवेळ. त्यामुळे भारतात इंटरनेट जोडलेले नसताना साडेपाच तासांची तफावत पडून रात्री साडेनऊला टाकलेली फाइल लिनक्सच्या नोंदीत दुसऱ्या दिवशीच्या पहाटे तीनची ठरू शकते. दोहोंपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत पत्करायला लावली की हा वाद मिटतो.

या सर्व उपायांच्या मुळाशी नियम एकच: ज्याने टाकले त्याच्याकडूनच टोपली रिकामी करवावी. टोपली रिकामी केल्यावरही मजकूर लगेच पुसला जातो असे नाही. जुन्या चकतीच्या डिस्कवर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो परत मिळण्याची आशा असते, पण एसएसडीवर ‘ट्रिम’ नावाची व्यवस्था मोकळ्या झालेल्या जागा लवकरच निकालात काढते आणि ती आशा जवळजवळ संपते.

त्या रविवारी संध्याकाळी मी पुन्हा लिनक्समध्ये गेलो आणि टोपली उघडली. लग्नाच्या चित्रफिती आपापल्या नावांनिशी तेथे ओळीने मांडलेल्या होत्या, आणि ‘इन्फो’च्या कप्प्यात त्या टाकल्याची वेळ पहाटेची लागली होती, ज्या वेळी आमच्या घरी कोणीही जागे नव्हते. कालच्या भुताटकीचा तेवढा एक दाखला शिल्लक होता. तो नीट पाहून घेतला, आणि मग टोपली रिकामी केली.